केनीची मेलेली बहीण

आधी तिला फ्रॉक दिसला. पिवळा, गळ्याला पांढरी जाळी, आणि डाव्या खांद्याशी आईने घाईघाईत घातलेला जाड हिरव्या दोऱ्याचा टाका, कारण त्या दिवशी घरात पिवळा दोरा नव्हता. पेपरातल्या फोटोत हिरवं काय नि पिवळं काय, सगळं मातकटच होतं. पण स्वतःचा फ्रॉक माणूस रंगावरून थोडाच ओळखतो! ताये इबादानमधल्या मोकोलाच्या पुलाखाली बाबा सुरांच्या पेपरच्या फळीपाशी थांबली होती ती तिच्या जुळ्या भावाचं, केनीचं, नाव फुटबॉल संघाच्या यादीत आलंय का ते बघायला. शाळेची बॅग एका खांद्यावर, तोंडात अर्धा पाव, उत्तरेकडच्या कोरड्या धुळीच्या वाऱ्याने ओठ फुटलेले. यादी बाजूलाच राहिली. फ्रॉक एका लाकडी बाहुलीच्या अंगात होता. बाहुली आईच्या मांडीवर होती. आई पेपरात होती, चर्चला बांधते तो निळा रुमाल डोक्याला बांधून, डोळे ओले, आणि खाली बोटभर उंचीच्या अक्षरांत छापलं होतं : 'ती असती तर आज पंधरा वर्षांची असती.'

ती म्हणजे कोण, हे कळायला तायेला खालच्या चार ओळी वाचाव्या लागल्या. देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघात निवडलेला इबादानचा केहिंदे ओगुनकोया, वय पंधरा, प्रत्येक सामन्याआधी डोळे मिटून आपल्या जुळ्या बहिणीशी बोलतो. बहीण ताइवो जन्मानंतर तिसऱ्या दिवशी गेली; गेलेल्या जुळ्याच्या जागी ठेवतात ती लाकडी बाहुली आई अजून सांभाळते. 'माझ्या डाव्या पायात तिचा पाय आहे,' असं सांगताना ह्या कोवळ्या खेळाडूला हुंदका आवरला नाही. संघाचे तात्पुरते प्रशिक्षक शोडेके ह्यांनी त्याला जवळ घेतलं. केहिंदे म्हणजे केनी, ताइवो म्हणजे ती स्वतः. ताये वाचत होती आणि तोंडातला पाव फुगत होता. तिसऱ्या दिवशी. तिला गेल्या फेब्रुवारीत सतरा पूर्ण झाली होती, केनीलाही त्याच दिवशी, वीस मिनिटांनंतर. आता केनी पंधरा आणि ती तीन दिवसांची. तिने हळूच जिभेने पाव एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. म्हणजे जीभ होती. गाल होते.

भोवती रोजचे फुकट वाचणारे जमले होते. मोकोलाच्या फळीशी सकाळी वीसेक माणसं पेपर विकत न घेता उभ्याउभ्या वाचतात आणि देश चालवतात, आणि देशात दुरुस्त करण्यासारखं सगळ्यात सोपं काय, तर फुटबॉल.

"च्‌च्‌, बिचारी," गळ्यात टेप अडकवलेला एक शिंपी म्हणाला.

"बिचारी कसली? जुळ्यांतलं एक गेलं की राहिलेल्याच्या अंगात दोघांचं बळ येतं. लिहून ठेवा, हा पोरगा कप आणणार."

"कप! मोठ्या संघाची काय दशा झाली ती बघितली ना परवा? तीन वर्षांत चौथा कोच. तो गोरा तर म्हणे आपल्या गावी बसून फोनवर संघ निवडायचा."

"आणि त्याच्यानंतरचा आपला काळा? त्याने मेव्हण्याला गोलकीपर केला!"

"शोडेके तसा नाही हां. इबादानचा आहे. आपला माणूस."

"आपला आहे म्हणून तर तात्पुरता आहे. गोरा असता तर कायमचा असता, वर राहायला बंगला."

हशा पिकला. मागून कुणीतरी तायेच्या बॅगेला टोचलं. "ए पोरी, सरक की जरा. काही दिसत नाही मागच्यांना."

"मी दिसतेय ना तुम्हाला?" ताये वळून म्हणाली.

"दिसतेस म्हणजे? एवढी आडवी उभी आहेस आणि!"

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि सरकली. बाबा सुरांनी दाण्यांची पुडी बांधताबांधता मान वर करून बघितलं. ते वीस वर्षं ह्या फळीवर पेपर लावतात आणि विकतात फक्त शेंगदाणे, असं ते स्वतःच सांगतात. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक की समोरून एक मेलेली मुलगी पाव चघळत शाळेला चाललीय.

शाळेपर्यंतचा रस्ता तिच्या पायांनीच काढला. डोळ्यांसमोर लाल धूळ, धुळीत विरघळलेला डोंगरउतारावरच्या गंजक्या पत्र्यांचा रंग, पलीकडची टेकडी कुणीतरी पुसून टाकल्यासारखी. अशा दिवसांत सूर्य ताटलीसारखा होतो, त्याच्याकडे सरळ बघता येतं. ती बघत होती. रडू येत नव्हतं. फक्त अंगावरून कुणीतरी खडू फिरवत असावं तसं कोरडं खरखरत होतं. तिला वाटलं, आता धाडकन राग यायला हवा. राग आला तो भलत्याच गोष्टीचा : फ्रॉक माझा का? घरात केनीच्या लहानपणीच्या तीन चड्ड्या पडल्यात, त्या घाला ना तुमच्या बाहुलीला! पण नाही, मेलेली मी, म्हणून माझा फ्रॉक. ह्यात तेवढा तरी प्रामाणिकपणा होता, आणि त्या प्रामाणिकपणाचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. ती लहान होती तेव्हा आजी सांगायची, जुळ्यांत आधी बाहेर येतो तो धाकटा. आतला मोठा त्याला म्हणतो, जा, जग कसं आहे चाखून ये. तो येतो, चाखतो, रडतो. त्याचं रडणं ऐकून मोठा ठरवतो की यावं. म्हणून सगळ्याच जुळ्यांसारखं तिचं नाव ताइवो, जगाची चव घेणारी, आणि केनीचं केहिंदे, मागून येणारा, आणि वीस मिनिटं उशिरा येऊनही थोरला तो. जन्मभर तिला पुढे पाठवलेलं. वीज गेली की दिवा शोधायला ताये. पलीकडच्या कुत्रेवाल्या घरात बॉल गेला की भिंतीवरून ताये. इंजेक्शन आधी तायेला, ती किती ओरडते ते बघून मग केनीने दंड पुढे करायचा. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, उलट अभिमानच. सगळं तिने आधी चाखलेलं, गोड काय, कडू काय. आणि आता हेही. मरणसुद्धा आधी तिलाच चाखायला पाठवलं, आणि मागच्याने आतून ऐकलं की बरं आहे, चव चांगली आहे, पेपरात फोटो येतो.

गणिताच्या तासाला तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. हाड शोधत होती. केनीने ऑक्टोबरात फोनवर सांगितलं होतं की एका मोठ्या गोल मशीनमध्ये हात घालायचा, आतून ठकठक आवाज येतो, आणि मनगटातली फट बुजली असेल तर खेळ खलास, नसेल तर तू सतराच्या आत. 'माझी फट उघडी निघाली, ताये! डॉक्टर म्हणाला, हाडं आळशी आहेत.' दोघं किती हसले होते. तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की कोचने त्याचं वय एखादं वर्ष इकडेतिकडे केलंय, आणि ते काय सगळेच करतात. फुटबॉलचं वय वेगळं, आईच्या पोटचं वय वेगळं. हे शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण वय कापायचं होतं तर आधी नाव कापायला हवं होतं! केहिंदे नावाच्या पोराचं वय कापणं म्हणजे दोन टोकांच्या दोरीचं एकच टोक कापणं. हे नाव नुसतं उच्चारलं तरी ऐकणारा मागे वळून दुसरं माणूस शोधतो. एवढी साधी गोष्ट शोडेकेंसारख्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? की आली, आणि त्यांनी दुसरं टोक कुठे दडवायचं ह्याचा विचार मशीनसारखा थंडपणे केला?

पण कोच शोडेके थंड नव्हते. तिला ते माहीत होते ते आग्यावेताळ म्हणून. सांगो बाजाराच्या मागच्या उतरत्या मैदानावर, जिथे खालच्या बाजूच्या संघाला बॉल आपोआप मिळतो, तिथे ते त्या दोघांना आठव्या वर्षापासून शिकवत होते. शाळेत पीटीचे मास्तर, गळ्यात शिट्टी, पायात दोन वेगवेगळ्या जोडांतले बूट. एकदा बारा वर्षांखालच्या सामन्यात समोरच्या संघातल्या एका बाप्याला त्यांनी कानाला धरून रेषेबाहेर काढलं होतं. 'अरे, तुझ्या दाढीला शाळेत प्रवेश कुणी दिला?' अख्खं मैदान लोळलं होतं हसून. आणि त्याच संध्याकाळी तायेने उतारावरून वर, उलट्या बाजूला, डाव्या पायाने जो गोल मारला होता, त्यानंतर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला नेहमी मलमाचा उग्र वास. ते आईला म्हणाले होते, "जुळ्यांची आई, तुझ्या पोटातून दोन डावे पाय आलेत. पण हिचा जास्त डावा आहे." जास्त डावा! हे दोन शब्द तायेने नऊ वर्षं खिशातल्या गोटीसारखे जपले होते. मग शोडेके वर गेले. राष्ट्रीय संघाचे मदतनीस झाले. एका गोऱ्याच्या हाताखाली, मग दुसऱ्या गोऱ्याच्या, मग त्या मेव्हणेवाल्याच्या. दरवेळी संघ हरला की मुख्य माणूस विमानाने जायचा आणि पेपरात शोडेकेंचा खाली बघतानाचा फोटो यायचा. आता ह्या धाकट्या संघाचे ते तात्पुरते. तात्पुरते हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला होता की पोरांना वाटायचं तेच त्यांचं पहिलं नाव. कप आणला तर मोठा संघ देऊ, असं कुणीतरी कुठेतरी बंद खोलीत म्हटलं होतं म्हणे. म्हटलंही नसेल.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई अंगणात भिजवलेल्या चवळीचं वाटण पानांत बांधत होती, वाफवायला. शुक्रवारी तिच्या टपरीवर गर्दी असते. पान दुमडायचं, एक पळी ओतायची, दोन्ही कडा आत, दोरा. आईच्या बोटांना लाल तेलाचा रंग होता आणि तायेने पहिल्यांदाच त्या रंगाकडे संशयाने बघितलं.

"आई, मी कधी मेले गं?"

आईचा हात थांबला नाही. "पेपर बघितलास."

"तिसऱ्या दिवशी का? पहिल्या दिवशी का नाही? मेल्याचा मुहूर्त कुणी काढला?"

"तोंड सांभाळ, ताये. कोच म्हणाले, आठव्या दिवसाच्या बारशाच्या आत गेली म्हणावं. म्हणजे कागद नाही, फोटो नाही."

"आणि बाहुली?"

"त्यांनीच आणली. हॉटेलासमोर परदेशी लोकांना विकतात ना, तिथली. कोरी करकरीत होती, पॉलिशचा वास यायचा." आईने पळी वाटणात रोवली. "मी तेल चोळलं. काजळी चोळली. दोन दिवस चुलीवर टांगली. मग दिसायला लागली जुनी."

"वा! लाकडाचं वय वाढवायचं, पोराचं कमी करायचं. ह्या घरात कुणाचं वय जागेवर आहे का?"

"तुझं आहे ना."

"मी मेलेय, आई!"

पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, "जुळ्यांची आई, चार बांधून ठेव गं माझ्यासाठी!" आणि आईने सवयीने "होऽ" दिला, आणि दिल्यावर दोघींनाही ते ऐकू आलं. अख्खी गल्ली तिला ह्याच नावाने ओळखते. तिचं खरं नाव बँकेच्या पुस्तकात आहे आणि कबरीवर येईल तेवढंच. ताये बघत राहिली. आईने हातातल्या पानाचा दोरा बांधला.

"फोटोवाला म्हणाला, जरा रडा," आई हळूच म्हणाली. "मला येईना. लाकडाकडे बघून कुणाला रडू येतं? मग मी मनात आणलं की तू खरंच नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलीस. मी एकालाच पाजतेय, आणि दुसऱ्या बाजूचं दूध नुसतं वाहतंय."

"मग?"

"मग थांबेचना. फोटोवाला गेला तरी थांबेना. तू शाळेतून आलीस आणि विचारलंस, आई, जेवायला काय. तुला आठवत नसेल. मी तुला दोनदा वाढलं त्या दिवशी."

तिला आठवत होतं. मंगळवार. तिने चेष्टाही केली होती, काय गं, मला कुस्तीला पाठवायचंय का. तायेला वाटलं, आता आपण आईच्या कुशीत शिरावं, आणि त्याच क्षणी वाटलं, ह्या हातांवर जोरात फटका मारावा. दोन्ही इतकं एकदम वाटलं की ती नुसतीच उभी राहिली, आणि चुलीतला धूर तिच्या अंगावरून गेला. आईचं रडणं खोटं असतं तर किती बरं झालं असतं. खोट्याशी भांडता येतं.

"एक पोर वर गेलं की दुसऱ्याला हात देतं," आई म्हणाली. तिने हे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलेलं असणार. शब्द वापरून गुळगुळीत झाले होते. "त्याला बाहेर कुठे क्लब मिळाला की तुझं कॉलेज..."

"मेलेल्यांना कॉलेजात घेतात?"

तेवढ्यात दारात गाडी थांबली. कोच शोडेके उतरले, देशाचा हिरवा ट्रॅकसूट, हातात माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्यांचं खोकं, पायात एकाच जोडातले दोन्ही बूट. ते राजधानीतल्या, अबुजाच्या कॅम्पातून दोन दिवसांसाठी आले होते. तायेने लहानपणापासूनच्या सवयीने गुडघे वाकवून नमस्कार केला आणि वाकल्याबद्दल स्वतःच्या गुडघ्यांचा तिला राग आला.

"काय पोरी, केवढी झालीस!"

"कशी होणार, कोच? तिसऱ्या दिवशीच गेले ना."

ते आईकडे बघून ओशाळं हसले. खोकं खाली ठेवलं, स्टूल ओढलं, बसले. "बस. बस गं ताये. मी काय म्हणतो ते ऐकून तरी घे. उद्या सरकारी शाळेच्या ग्राउंडवर मुलींची निवड आहे, वीस वर्षांखालची. तू नाव देणार असं ऐकलं."

"बरोबर ऐकलंत."

"ती यादी अबुजालाच येते. त्याच ऑफिसात. त्याच कपाटात. ओगुनकोया, ताइवो, इबादान, जन्म अमुक. एखादा कारकून रिकामा बसलेला असतो, पोरी, आणि रिकाम्या कारकुनासारखं वाईट काही नाही. केनी जाईल. दोन वर्षं बंदी. सगळा संघ बाद होईल, तेवीस पोरं. आणि मी."

"तुमचं शेवटी सांगितलंत."

"माझं काय? मी तात्पुरताच आहे." ते हसले नाहीत. बोटांनी गळ्याशी शिट्टी चाचपली. ती तिथे नव्हती. "मी एकदा खरी पोरं घेऊन गेलो होतो, ताये. पंधराची पंधरा, सोळाची सोळा. आईचं दूध ओठावर वाळलं नव्हतं त्यांच्या. समोरचे सामन्याआधी दाढी करून आले होते. सहा गोल बसले. परत आलो तर विमानतळावर एकानेही विचारलं नाही की पोरांची वयं काय. विचारलं, कोच कोण होता?"

तायेला त्यांची दया आली. आपल्याला त्यांची दया यावी हे तिला अजिबात आवडलं नाही. हा माणूस, ज्याच्या मलमाच्या वासाला ती लहानपणी जिंकल्याचा वास समजायची, तिच्याच अंगणात बसून तिच्या मरणाची कारणं देत होता, आणि कारणं चांगली होती.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"आमच्या दोघांत जास्त चांगलं कोण होतं?"

आईने पळी ठेवली. कोचनी माल्टचं खोकं पायाने जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "तू." आणि लगेच, जणू तोंडातून सांडलेलं पुसत, "पण मुलींचा फुटबॉल बघतं कोण, पोरी? केनीचा बघतात. मी जिथे दार होतं तिथे ढकललं." खिशातून त्यांनी घडी घातलेला फॉर्म काढला. "मी तुला अडवत नाही. उद्या जा, खेळ, निवडली जा. फक्त नाव दुसरं. बोसे अडिसा. तारीखही घातलीय मी. ऐकायला छान आहे ना, बोसे?" त्यांनी तो फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला आणि फोन लावून तिच्या हातात दिला. "हा घे. त्याच्याशी बोल."

फोनमध्ये आधी पोरांचा गलका आला, मग दार लागलं, मग केनीचा श्वास. तो श्वास तिला स्वतःच्या श्वासाआधीपासून माहीत होता.

"ताये? रागावलीस?"

"माझ्या डाव्या पायात तिचा पाय आहे. हे वाक्य कुणाचं, केनी? कोचचं?"

"माझं."

"आणि हुंदका?"

"तो आपोआप आला. अगं, त्या पेपरवाल्या बाईने विचारलं, बहिणीची आठवण येते का? आणि इथे खरंच येते गं. सहा महिने झाले. मी तुलाच आठवून रडलो, आईशप्पथ."

"मला आठवून रडायचं तर फोन करायचास. मी घरीच होते."

"ताये, बोसे हो ना. एकच वर्ष. कप झाला की संपलं. मी नंतर सगळ्यांना सांगेन, तू आहेस म्हणून."

"सांगशील? कसं सांगशील? मेलेली उठून बसली म्हणून?"

"तू नेहमी करतेस ना माझ्यासाठी," तो म्हणाला. त्याला ते लाडाने म्हणायचं होतं. पण ते तिच्या कानात पडलं आणि तिथेच बसलं, पाणी शिरल्यासारखं, मान कितीही झटकली तरी निघेना. तिने फोन कोचच्या हातात दिला. कोच उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच खाली घेतला.

शनिवारी सकाळी आठला सरकारी शाळेच्या मैदानावर ऐंशीएक मुली रांगेत होत्या. धुळीने सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या, जणू म्हाताऱ्यांची शाळा भरली होती. पुढे दोघी एकमेकींचे बूट बदलून घेत होत्या; मागची एक काडीसारखी पोर सारखी विचारत होती, "ताई, ह्या बाई ओरडतात का गं? ताई, उजव्या पायाचीच घेतात का?" ताये "गप गं" म्हणाली आणि स्वतः मनात घोकू लागली : बोसे अडिसा, बोसे अडिसा. घोकताना ती बोसे तिला दिसू लागली. चांगली मुलगी होती. नावाप्रमाणे रविवारी जन्मलेली, एकुलती एक, खाली मान घालून खेळणारी. बोसेच्या डाव्या पायात कुणाचाही पाय नव्हता. तिने गोल मारला तर टाळ्या बोसेला, तिला दुखापत झाली तर लंगडणार बोसे. पेपरात नाव आलं तर ते मोकोलाच्या फळीशी फुकटे वाचतील, आणि ताये मागे उभी राहून टाचा उंचावून बघेल की ही कोण. एक वर्ष. केनी म्हणतो एक वर्ष. पण कापलेलं वय कधी परत जोडतात का? पंधराचा झालेला केनी पुढच्या वर्षी सोळाचाच होणार. तो जितकी वर्षं खेळेल तितकी वर्षं ती मेलेली राहणार, आणि तो खूप वर्षं खेळावा अशी तर तिने आठव्या वर्षापासून प्रार्थना केलेली. तेवीस पोरं. त्यातली काही खरंच पंधराची असतील. त्यांचा तिने काय गुन्हा केला, त्यांनी तिचा काय केला? आईचं दूध नुसतं वाहतंय. कोचचा खाली बघतानाचा फोटो. एकेक तिच्या अंगावर येऊन बसत होतं, आणि रांग पुढे सरकत होती, आणि पोटात कुठेतरी सगळ्याच्या तळाशी एक साधी, उद्धट, सकाळच्या भुकेसारखी गोष्ट जागी होती : मला खेळायचंय. मला. ती कितीही हात लावून दाबली तरी दबेना.

प्लास्टिकच्या टेबलामागे एक जाडजूड बाई बसल्या होत्या, संघाची टोपी, नाकाला रुमाल. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव?"

तायेला वाटलं होतं की त्या क्षणी आपण ठरवू. पण ठरवायला कुणी मागे थांबलंच नव्हतं.

"ताइवो ओगुनकोया."

बाई लिहू लागल्या. "जन्मतारीख?"

तिने सांगितली. बाईंनी बोटांवर मोजलं. "सतरा. खरी ना? इथे विसाच्या आतलं चालतं हां, उगाच कापू नका गं बायांनो. मनगटं बघत बसायला मला वेळ नाही."

"खरी."

"छान." मग बाई, हे नाव लिहिल्यावर कुणीही म्हणतंच म्हणून, सहज, कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "आणि केहिंदे कुठाय तुझा? का केहिंदेपण मुलगीच? असली तर आण, दोघींना घेते."

मागची काडी पोर तिच्या पाठीला चिकटली होती. तिचा गरम श्वास शर्टातून लागत होता. मैदानावर कुणीतरी बॉल उंच उडवला आणि तो धुळीत दिसेनासा झाला, आणि सगळ्यांनी माना वर करून तो पडायची वाट बघितली. तायेने बघितली नाही. आज रात्री घरी आईसमोर कसं बसायचं, हे तिला माहीत नव्हतं. केनी पुन्हा कधी बोलेल, हेही नाही. 

"अबुजाला आहे," ती म्हणाली. "सतरा वर्षांखालच्या कॅम्पात. शोडेकेंच्या."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आत्ताच लिहिलेलं आडनाव वाचलं. मग रुमाल नाकावरून खाली ओढून पहिल्यांदाच वर बघितलं, बुटांपासून सुरुवात करून, पोटऱ्या, गुडघे, खांदे, चेहरा, सावकाश, एकेक जागा तपासत.

"त्या मुलाची बहीण तर..."

"हो," ताये म्हणाली. "ती मीच. आणि डावीकडे मी त्याच्यापेक्षा चांगली खेळते."